तीन शिखरांचे चित्र आणि त्याखालच्या ओळी

अतिशीत अणूंविषयी काही लिहायचे किंवा सांगायचे झाले की एक चित्र हमखास पुढे येते. सपाट पटावर शेजारी शेजारी तीन उंचवटे. डावीकडचा बसका आणि पसरट, मधल्याच्या माथ्यातून एक टोक वर निघालेले, उजवीकडचा सुळक्यासारखा उभा. अमेरिकेत बोल्डर येथील 'जिला' या प्रयोगशाळेत एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांच्या गटाने ५ जून १९९५ रोजी रुबिडियमच्या अणूंचे बोस-आइनस्टाइन संघनन प्रथम घडवून आणले, त्या प्रयोगाचे हे चित्र. सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ सालचा लेख, त्यावरून आइनस्टाइनने बांधलेले भाकीत आणि सत्तर वर्षांनी मिळालेला त्याचा पुरावा, अशी या चित्रामागची पुण्याई मोठी आहे. २००१ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक कॉर्नेल, वीमन आणि एमआयटीचे वोल्फगांग केटर्ले यांना मिळाले ते याच विषयातील कामासाठी.

चित्राविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याखाली छापल्या जाणाऱ्या दोन-तीन ओळींविषयी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. तेव्हापासून 'क्वांटम' हा शब्द विज्ञान दिनाच्या भाषणांत आणि प्रदर्शनाच्या तक्त्यांवर सर्रास दिसू लागला असून त्याच्याबरोबर हे चित्रही शाळांपर्यंत येऊ लागले आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था किंवा पुण्याचे आयसर येथे अतिशीत अणूंवर प्रत्यक्ष काम चालते. पण येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्याला या विषयाचे जे दर्शन होते ते बहुधा या चित्राचे आणि त्याखालच्या ओळींचेच. म्हणून त्या ओळी तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या ओळी साधारण अशा असतात : तापमान खाली खाली नेले, अणूंची हालचाल थांबत गेली आणि शेवटी सगळे अणू एका जागी गोळा झाले. वाचायला सोपे, लक्षात राहायला सोपे. परंतु यातले एकही विधान चित्रात नाही.

चित्राच्या तळाशी अंतर नसून वेग आहे. अणूंचा ढग चुंबकीय सापळ्यात धरलेला असतो. सापळा एकाएकी बंद केला की अणू ज्या वेगाने जात होते त्या वेगाने मोकळे पसरतात. काही क्षण पसरू दिल्यावर प्रकाश टाकून त्यांची सावली टिपतात. जो अणू मध्यापासून लांब गेला तो वेगवान, जो मध्याजवळ राहिला तो मंद. म्हणजे शिखराची उंची 'या वेगाचे अणू किती' हे सांगते, आणि रंगही त्याच हिशेबाने नंतर भरलेले आहेत. डावीकडून उजवीकडे तापमाने सुमारे ४००, २०० व ५० नॅनोकेल्विन, एक नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा शंभर कोटीवा भाग. मधल्या चित्रातले टोक हे संघनन सुरू झाल्याचे चिन्ह. हे सर्व ओळींत बसवणे कठीण नाही, पण कुणी बसवत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. उजवीकडचा सुळका बारीक आहे, पण रेघ नाही. त्याला जाडी आहे, आणि ती दोन दिशांना सारखी नाही. सापळा एका दिशेने अधिक आवळलेला होता. ज्या दिशेने अणूंना जागा कमी, त्या दिशेने त्यांच्या वेगातील पसारा अधिक. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व येथे डोळ्यांनी दिसते. म्हणजे हालचाल थांबल्याचा पुरावा म्हणून जे चित्र दाखवले जाते तेच हालचाल पूर्णपणे कधीच थांबत नाही याचा पुरावा आहे!

हालचाल थांबण्याची ही कल्पना येते कोठून? आम्हांस वाटते, ती आपण वर्गात शिकवतो त्या व्याख्येतून येते. 'तापमान म्हणजे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप.' वर्गातल्या हवेसाठी हे ठीक आहे. येवल्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, हिवाळ्याच्या पहाटे १० अंशांपर्यंत उतरतो. आपल्याला हा फरक जीवघेणा वाटतो, पण केल्विनमध्ये तो ३१३ आणि २८३ आहे, म्हणजे जेमतेम एक दशांश. एवढ्या टापूत व्याख्या बरोबर चालते. चूक होते ती तिला शून्यापर्यंत ओढत नेण्यात. ऊर्जा तापमानाच्या प्रमाणात, म्हणून तापमान शून्य तर ऊर्जा शून्य, म्हणून सर्व स्तब्ध, असा तर्क मुले आपणहून करतात आणि आपण 'शाबास' म्हणतो.

हा तर्क सर्वांत ठळकपणे मोडतो तो वरच्या चित्रात नसलेल्या वायूंच्या बाबतीत, आणि तेथेच गेल्या पंचवीस वर्षांतले उत्तम काम झाले आहे. रुबिडियम-८७ चे अणू बोसॉन जातीचे, ते एकाच अवस्थेत कितीही मावतात. लिथियम-६ किंवा पोटॅशियम-४० चे अणू फर्मिऑन जातीचे, त्यांच्यात एका अवस्थेत एकालाच जागा. बाकांची ओळ भरत जावी तसे ते खालच्या ऊर्जेपासून वर भरत जातात. शून्य तापमानालासुद्धा वरच्या बाकांवरचे अणू चांगलेच वेगात असतात. या भरलेल्या ओळीच्या वरच्या कडेच्या ऊर्जेला फर्मी ऊर्जा म्हणतात आणि ती तापमानाच्या भाषेत सांगितली की फर्मी तापमान मिळते. आंतरक्रिया नसलेल्या अशा वायूत शून्य केल्विनला दर अणूमागे सरासरी ऊर्जा फर्मी ऊर्जेच्या तीन पंचमांश असते. तापमान शून्य, गती मात्र भरपूर. आपली व्याख्या येथे निरुपयोगी ठरते.

हे वायू थंड करणेही अवघड होते. जिलाच्या प्रयोगात शेवटचा टप्पा बाष्पीभवनाचा होता. बशीतला चहा जसा वाफेबरोबर निवतो, तसे सर्वांत वेगवान अणू निसटू द्यायचे आणि उरलेल्यांनी आपसात टकरा घेऊन नव्या, खालच्या तापमानाला स्थिरावायचे. पण एकाच अवस्थेतले फर्मिऑन इतक्या थंडीत एकमेकांवर आदळतच नाहीत. देबोरा जिन यांनी पोटॅशियम-४० चे दोन वेगळ्या चुंबकीय अवस्थांतले अणू एकत्र ठेवून ही अडचण सोडवली आणि १९९९ मध्ये पहिला अपभ्रष्ट फर्मी वायू मिळवला. (अपभ्रष्ट हा परिभाषेतला शब्द आहे, अणूंच्या चारित्र्याशी त्याचा संबंध नाही.)

आता 'तीव्र आंतरक्रिया' म्हणजे काय ते पाहू. लिथियमच्या या ढगात एका घन सेंटिमीटरमध्ये एक लाख कोटी अणू असतील तर त्याचे फर्मी तापमान सुमारे ०.४ मायक्रोकेल्विन येते. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या भोवतालची हवा याच्या अडीच कोटी पट दाट आहे. एवढ्या विरळ वायूत अणूंना एकमेकांची दखल तरी कशी असावी? तरी असते. चुंबकीय क्षेत्र सुमारे ८३२ गाउसवर नेले, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या दीड-दोन हजार पट केले, की दोन अणूंच्या टकरीत अनुनाद होतो. त्याला फेशबाख अनुनाद म्हणतात. तेथे अणूचा 'टकरीसाठीचा आकार' त्याच्या खऱ्या आकाराशी नाते सोडतो आणि त्याच्या तरंगलांबीएवढा होतो. वायू अतिविरळ, पण आंतरक्रिया निसर्गाने परवानगी दिली तेवढी जास्तीत जास्त.

आणि तरंगलांबी तापमानावर अवलंबून असते. ही एक गोष्ट पकडली की पुढचे बरेचसे दहावी-बारावीच्या बीजगणिताने उलगडते, म्हणून येथे थोडे थांबतो.

वर्गात आपण सांगतो की तेल तापवले तर पातळ होते, पण वायू तापवला तर त्याची विष्यंदिता वाढते. हवेची विष्यंदिता ० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुमारे सव्वापट होते. कारण असे की वायूत एका थरातून दुसऱ्या थरात संवेग वाहून नेणारे रेणूच असतात. ते जितके वेगवान आणि दोन टकरींच्या मध्ये जितके लांब जाणारे, तितकी विष्यंदिता अधिक. वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. रेणूंचा आकार ठाम असेल तर विष्यंदिताही वर्गमुळाप्रमाणे वाढेल. अनुनादावरच्या लिथियममध्ये मात्र टकरीचा आकार ठाम नाही. तरंगलांबी तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून टकरीचे क्षेत्रफळ तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. वर्गमुळाला या क्षेत्रफळाने भागले की विष्यंदिता तापमानाच्या दीड घाताप्रमाणे येते. तापमान चौपट केले तर साध्या वायूची विष्यंदिता दुप्पट, या वायूची आठपट. ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने २०११ मध्ये मोजून दाखवले ते हेच. उलट दिशेने, तापमान उतरत गेले की हा वायू फार झपाट्याने निसरडा होतो.

याच गटाने २००२ साली घेतलेली चित्रमालिका आमच्या मते तीन शिखरांच्या चित्राशेजारी लावली पाहिजे. विडीच्या आकाराचा लिथियमचा ढग सापळ्यातून सोडला. लांबीच्या दिशेने तो जवळजवळ तसाच राहिला, आडव्या दिशेने मात्र झपाट्याने पसरला, इतका की थोड्याच वेळात लांबी-रुंदीची अदलाबदल झाली. अणू एकमेकांना ढकलत होते. दाब जेथे झपाट्याने बदलतो तिकडे अधिक जोराने. अशा ढगात 'लांब गेला तो मुळात वेगवान होता' हे पहिल्या चित्राचे वाचन चालत नाही. म्हणजे तीन शिखरांचे चित्र बरोबर वाचता येते ते त्यातली आंतरक्रिया दुबळी आहे म्हणून. ही अट त्याखाली कधीच छापलेली नसते.

ड्यूकच्या चित्राखालीही एक घाई होत असे. आकाराची ही अदलाबदल म्हणजे अतिप्रवाहितेची खूण, असे काही ठिकाणी ठोकून दिले गेले. वास्तविक पुरेशा टकरा होणारा साधा वायूही असाच पसरतो. निर्णायक पुरावा आला तो २००५ मध्ये, एमआयटीत मार्टिन झ्वीरलाइन, केटर्ले व सहकाऱ्यांनी ढग घुसळला तेव्हा. त्यात भोवऱ्यांची सुबक जाळी उमटली, आणि अशी जाळी अतिप्रवाहीच करू शकतो. ते चित्र सुंदर आहे. मात्र भोवरे नीट दिसावेत म्हणून चित्र घेण्याआधी चुंबकीय क्षेत्र बदललेले होते, हे मूळ लेखात स्पष्ट असूनही लोकप्रिय लेखनात गळते.

आमच्या आवडीचे चित्र मात्र यांपैकी कोणतेही नाही. ते एक साधा आलेख आहे : २०१२ साली झ्वीरलाइन यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला, विशिष्ट उष्मा विरुद्ध तापमान. तापमान फर्मी तापमानाच्या ०.१६७ पट झाले की विशिष्ट उष्म्याला एकदम शिखर येते, हेलियमच्या प्रसिद्ध लॅम्डा बिंदूसारखे. तेथे अतिप्रवाहिता सुरू होते. हा अपूर्णांक केवढा मोठा आहे हे कळण्यासाठी तांबे घ्या. तांब्यातील इलेक्ट्रॉनांचे फर्मी तापमान सुमारे ८०,००० केल्विन. साध्या अतिसंवाहकांत अवस्थांतर फर्मी तापमानाच्या हजारांशाहूनही बरेच खाली होते. लिथियमचे गुणोत्तर धातूला लाभले असते तर तो तेरा हजार केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहिला असता. अर्थात त्याच्या फार आधी तो वितळून उडून गेला असता, ही गोष्ट वेगळी.

या आलेखाची खरी करामत त्याच्या आडव्या अक्षात आहे. या ढगात तापमापी घालता येत नाही. घातली तर ढगच उरणार नाही. आंतरक्रिया तीव्र असल्याने वेगावरूनही तापमान सरळ काढता येत नाही. मग काय केले? अनकाईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हवेचा दाब माथ्यापेक्षा अधिक असतो, आणि तो फरक म्हणजे मधल्या हवेचे वजन. सापळ्यातल्या ढगाचेही तसेच आहे. सापळ्याचा आकार ठाऊक, प्रत्येक ठिकाणची घनता सावलीवरून मोजलेली, त्यावरून तेथला दाब आणि वायू दाबला जाण्याची क्षमता काढायची. या तीन राशींतून, कोणताही सिद्धांत उसना न घेता, उष्मागतिकी तापमान हाती देते. तापमान ही राशी कणांच्या वेगाआधीची आहे, उष्णता कोठून कोठे जाईल हे ठरवणारी आहे, हे आम्हांस याहून चांगले कुठे दाखवलेले आढळले नाही. त्याच मोजमापातून शून्य तापमानाची ऊर्जाही मिळाली : आंतरक्रिया नसलेल्या फर्मी वायूच्या ०.३७६ पट. अणूंचे परस्पर आकर्षण ऊर्जा कमी करते, संपवत नाही.

'जितके थंड तितके अद्भुत' हे आणखी एक वाक्य या ओळींत हमखास असते. त्याचीही परीक्षा होऊन गेली आहे. २०१९ मध्ये याच एमआयटी गटाने एका अवस्थेतल्या लिथियम अणूंच्या गर्दीत दुसऱ्या अवस्थेतले मोजके अणू सोडले आणि रेडिओ लहरींनी त्यांची ऊर्जा विचारली. खूप थंडीत उत्तर स्पष्ट येते. पाहुणा अणू भोवतालच्या काहींना ओढून घेऊन, जणू अंगावर पांघरूण घेऊन, एकाच कणासारखा वागतो. तापमान वाढले की ऊर्जेची रेषा तापमानाच्या वर्गाप्रमाणे रुंदावते. फर्मी तापमानाच्या आसपास ती फर्मी ऊर्जेएवढीच रुंद होते, म्हणजे पाहुणा कोण आणि पांघरूण कोण हे सांगणेच अर्थहीन होते. आणि आणखी तापवले तर? रेषा पुन्हा अरुंद होऊ लागते! कारण वरच्याच बीजगणितात आहे. टकरींची संख्या म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग, म्हणजे तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. उष्णतेत साध्या वायूचे गणित पुरते, थंडीत पांघरलेल्या कणाचे पुरते. अवघड आहे तो मधला टापू. तेथे अणूंच्या जोड्या अतिप्रवाहिता येण्याआधीच जुळू लागतात काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि २०२४ मध्ये चीनमधील एका गटाने तशा जोडणीचा ऊर्जेतील पुरावा प्रसिद्ध केला.

उपमांविषयी दोन शब्द. २००१ च्या नोबेल घोषणेत अणू एका सुरात गातात असे म्हटले होते. बोसॉनांच्या दुबळ्या वायूला ती शोभते. लिथियमच्या ढगाला ती लावणे म्हणजे बाजारातल्या घासाघिशीला आरती म्हणणे होय. येवल्यात बसून लिहिताना पैठणीच्या ताण्याबाण्याची उपमा देण्याचा मोह आम्हांसही होतो, पण मागावर धागा आपली जागा सोडत नाही आणि येथे कोण कोणाचा जोडीदार हेच सतत बदलत असते. बशीतला चहा आणि किल्ल्यावरचा दाब या उपमा आम्ही ठेवल्या, कारण त्यांत कारण तेच आहे, केवळ रूप सारखे नाही.

आकड्यांच्या विक्रमाचेही असेच. 'विश्वातील सर्वांत थंड जागा' हे मथळ्याला बरे. पण नॅनोकेल्विन हा आकडा एकटा काही सांगत नाही, फर्मी तापमानाशी त्याचे गुणोत्तर सांगते. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे सोन्याची अणुकेंद्रे आदळवून जे क्वार्क-ग्लुऑन द्रव्य मिळते त्याचे तापमान काही लाख कोटी केल्विन असते, आणि लिथियमच्या ढगापेक्षा ते एकोणीस-वीस शून्यांनी गरम आहे. तरी दोघेही जवळजवळ सारख्याच निसरडेपणाने वाहतात, कारण दोन्हींत आंतरक्रिया कमाल आहे. फक्त थंडीचा विक्रम सांगणाऱ्या तक्त्यावर ही गोष्ट यायला जागाच उरत नाही.

चित्र काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. खालच्या ओळी बदलाव्यात. प्रदर्शनासाठी तक्ता करणाऱ्या शिक्षक मित्रांना वापरता येईल असा आमचा मजकूर असा : 'रुबिडियमचे अणू सापळ्यातून सोडल्यानंतर त्यांच्या वेगांची वाटणी, डावीकडून उजवीकडे तापमान कमी होत असताना. तळावरील अंतर म्हणजे वेग, उंची म्हणजे त्या वेगाच्या अणूंची संख्या, रंग नंतर भरलेले. उजव्या शिखराची उरलेली जाडी तापमानामुळे नाही, अणू लहान जागेत कोंडल्यामुळे आहे. अणूंमधील आंतरक्रिया दुबळी असल्यामुळेच हे चित्र असे वाचता येते.' चार वाक्ये आहेत, तक्त्यावर सहज मावतात.